जुन्या गाडीच्या एसीत आर-१२ च्या जागी आर-१३४ए भरताना

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या मारुती ८००, कॉन्टेसा, प्रीमिअर ११८ एनई अशा गाड्यांचा एसी आर-१२ गॅसवर चालायचा. हा गॅस ओझोनच्या थराला मारक. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद होत गेला, आणि आता त्या जागी भरायचा तो आर-१३४ए. मात्र जुना सोडला, नवा भरला, एवढ्यावर काम उरकलं तर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, जाम होतो. तो होतो ऑइलमुळे.

आर-१२ बरोबर मिनरल ऑइल असायचं. ते गॅसमध्ये विरघळून सगळीकडे फिरायचं आणि कॉम्प्रेसरकडे परत यायचं. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही. कूलिंग कॉइलमध्ये साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून एस्टर ऑइल घ्या. पीएजी ऑइलही या गॅसला चालतं, पण आर-१२ चा क्लोरीनवाला अंश कुठे राहिला असेल तर ते बिघडतं, आणि जुन्या गाडीत तो थोडाफार राहतोच.

सामान आणा: ओलावा शोषणाऱ्या एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ दाण्यांची नवी ड्रायर बाटली, जोडांत बसणाऱ्या हिरव्या रबरी (एचएनबीआर) ओ-रिंगचा संच, गॅस भरायच्या दोन्ही पोर्टचे (लो साइड म्हणजे कमी दाबाची बाजू, हाय साइड म्हणजे जास्त दाबाची) अ‍ॅडॉप्टर, एस्टर ऑइल, गॅस आणि ५ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा. जुनी ड्रायर बाटली परत बसवू नका. तिच्यातले एक्सएच-५ दाणे आर-१३४ए बरोबर टिकत नाहीत.

उरलेला आर-१२ रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजमध्ये काढून घ्या, हवेत सोडू नका. मग कॉम्प्रेसर उतरवा, उलटा धरा आणि क्लचची पाटी हाताने फिरवत सगळं ऑइल गाळून घ्या. ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि कंडेन्सर, कूलिंग कॉइल, होज फ्लशिंग सॉल्व्हंटने धुवा. नंतर कोरडा नायट्रोजन मारून सॉल्व्हंटचा थेंबही राहू देऊ नका. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका. कॉम्प्रेसरमध्ये सॉल्व्हंट घालायचं नाही.

कंपनीने दिलेल्या मापाइतकंच नवं ऑइल भरा. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये घाला. कूलिंग कॉइलमध्ये साधारण ६० मिली, कंडेन्सरमध्ये ३० मिली असं थोडं वाटून द्या. कॉम्प्रेसर बसवल्यावर क्लच हाताने दहा-बारा वेळा फिरवा, नाहीतर आत साचलेलं ऑइल सुरू होताक्षणी व्हॉल्व्ह मोडू शकतं. एस्टर ऑइल हवेतला ओलावा झपाट्याने ओढतं. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, डबा आणि पाइपांची तोंडं उघडी ठेवू नका. प्रत्येक ओ-रिंगला ऑइल लावूनच जोड आवळा.

नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने लीक तपासा. मग पंपाने दोन्ही बाजूंनी किमान ४५ मिनिटं आतली हवा ओढून व्हॅक्यूम घ्या. समुद्रसपाटीला गेजचा काटा २९ इंचांपुढे जायला हवा. पुण्यात तो २८ च्या आसपास थांबतो, तो पंपाचा दोष नव्हे, तिथली हवाच विरळ. पंप बंद करून अर्धा तास थांबा. काटा हलला तर लीक आहे.

आता गॅस. जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्केच भरायचा. लेबलवर आर-१२ चं माप ८०० ग्रॅम असेल तर ६४० ते ७२०. इंजिन बंद असताना हाय साइडने थोडा गॅस जाऊ द्या, हाय साइडचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, मगच गाडी सुरू करून बाकीचा लो साइडने, कॅन उभा धरून, वायुरूपात भरा. इंजिन चालू असताना हाय साइड उघडली तर दाब उलटा कॅनमध्ये शिरून तो फुटतो. चष्मा आणि हातमोजे घालाच.

ड्रायरवरच्या काचेत बुडबुडे थांबेपर्यंत भरायची जुनी सवय इथे घात करते. या गॅसमध्ये काच दुधट दिसू शकते किंवा योग्य मापालाही बुडबुडे दिसतात. ते घालवायला गेलात की गॅस हमखास जास्त होतो. इंजिन १५०० आरपीएमवर, ब्लोअर फुल, आतलीच हवा फिरती ठेवून गार हवा येते त्या जाळीत थर्मामीटर लावा. ८० टक्क्यांनंतर (वरच्या उदाहरणात ६४० ग्रॅम) ३०-३० ग्रॅम घाला. तापमान उतरायचं थांबलं की तुम्हीही थांबा.

बाहेर ३५ अंश असताना लो साइड ३० ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय ठीक. हाय साइड ३०० पार गेली तर कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारा. दाब झर्रकन उतरला तर वारा कमी पडतोय: पुढे जादा पंखा बसवा किंवा जुन्या नळीवाल्या कंडेन्सरऐवजी पॅरलल फ्लो घ्या. उतरलाच नाही तर गॅस जास्त आहे किंवा हवा राहिली आहे. काढून पुन्हा व्हॅक्यूमपासून सुरुवात करा.

स्वस्त पर्याय म्हणून मिळणारा ब्युटेन-प्रोपेनचा गॅस या गाड्यांत भरू नका. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. लीक झाला तर तो ज्वालाग्राही गॅस थेट केबिनमध्ये येतो.