कन्नडच्या तासाचा दंगा

माझा मुलगा कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत चौथीत. कन्नडच्या तासालाच दंगा करायचा, शेजाऱ्याची वही ओढायचा. आजोबा म्हणाले, छडी हवी. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, आणि ती हवीच. बाईंशी बोलल्यावर कारण कळलं: त्याला कन्नड अक्षरंच ओळखता येत नव्हती. मग बेळगावला जाताना बसच्या, दुकानांच्या पाट्या आम्ही मिळून वाचू लागलो. बाईंनी त्याला वह्या वाटायचं काम दिलं. दंगा केला की त्या दिवशी काम दुसऱ्याकडे. चारचौघांत अपमान नाही. सुरुवातीला तो जास्तच चिडला, तरी आम्ही दोघींनी नियम सोडला नाही. आता तक्रार क्वचित येते. जोडाक्षरांना अजून अडतो. ती आम्ही संध्याकाळी घेतो.