ठाण्यात भाड्याचं घर घेताना खरा महिन्याचा खर्च कसा काढायचा

जाहिरातीत दिसतं ते फक्त भाडं. घर परवडेल की नाही, हे अकरा महिन्यांच्या करारातल्या एकूण खर्चावर ठरतं. म्हणून टोकन देण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.

आधी एकरकमी जाणारे पैसे. भाडं 25,000 आणि परत मिळणारं डिपॉझिट 1,00,000 धरू. मुद्रांक शुल्क काढताना अकरा महिन्यांचं भाडं 2,75,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेलं व्याज सुमारे 9,167 मिळवायचं. या बेरजेच्या 0.25 टक्के म्हणजे साधारण 710 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर दस्त हाताळणीचा आकार आणि अंगठे घ्यायला घरी येणाऱ्याची मजुरी. अ‍ॅग्रीमेंटचं ‘पॅकेज’ कितीला सांगितलंय ते या आकड्यांशी ताडून बघा आणि हा खर्च कोण देणार, तेही आधीच बोलून घ्या. दलाली एक महिन्याचं भाडं असेल तर 25,000 भागिले 11, म्हणजे दरमहा 2,273 रुपये. टेम्पो-हमालीही अशीच अकरात वाटा. नूतनीकरणाला पुन्हा दलाली मागणार का, हे सुरुवातीलाच विचारा.

पैसे वाचवायला नोटरी केलेल्या कागदावर राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. आरटीईच्या म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के मोफत जागांसाठी मुलाचा अर्ज भरायचा असेल आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा असेल, तर तो नोंदणीकृतच लागतो. जे कुटुंब पाचशे-हजार वाचवायला नोंदणी टाळतं, त्याला शाळेच्या फीत त्याच्या कितीतरी पट मोजावे लागू शकतात.

आता जागा. नौपाडा-पाचपाखाडीत स्टेशनजवळचं घर 28,000 ला आणि घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे तेवढंच घर 22,000 ला मिळतंय असं धरा. फरक 6,000. नवरा-बायको दोघंही रोज ट्रेन पकडणार असतील आणि घर ते स्टेशन एका बाजूने माणशी 50 रुपये लागत असतील, तर महिन्याच्या 24 दिवसांचे 4,800 होतात. उरले 1,200. त्यात अडीअडचणीला मीटरची रिक्षा आणि मुलाची स्कूल बस धरली की स्वस्त घराचा फायदा संपतो. एकच कमावता असेल किंवा नोकरी घोडबंदरच्याच पट्ट्यात असेल, तर मात्र लांबचं घर खरंच स्वस्त पडतं. आपल्या फेऱ्यांचे खरे दर घालून हेच गणित करा. कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास तो रस्ता एकदा स्वतः पार करून बघा. लोकलचा पास तिमाही काढा: तीन महिन्यांसाठी मासिक पासाच्या 2.7 पटच पैसे पडतात.

घोडबंदरला पाण्याचं विचारल्याशिवाय होकार देऊ नका. महापालिकेचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, टँकर लागतो का, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे काढतात? वॉचमनला विचारा आणि सोसायटीची एप्रिल-मेची बिलं मागा. पावसाळ्यातलं बिल बघून अंदाज चुकतो. त्याच बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस दिसतील. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी सभासदाकडून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच हे घेऊ शकते. मेंटेनन्स आणि हे शुल्क मालक भरणार की तुम्ही, ते करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं इथे टिकत नाही.

लाइट बिलासाठी महावितरणचा 12 अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि थकबाकी तपासा. मागच्या भाडेकरूने बिल थकवलं असलं तरी वीज तुमचीच तुटते. घरगुती दर 0-100, 101-300, 301-500 आणि 500 च्या वर अशा टप्प्यांत चढतो. वाढीव दर त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो, वर 16 टक्के वीज शुल्क. त्यामुळे उन्हाळ्यात एसीने वाढलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महागाचं असतं. वर्षाचं बजेट मे महिन्याच्या बिलावर बेता. चाळीत सब-मीटर असेल तर मालक प्रतियुनिट काय दर लावतो ते ठरवून घ्या. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून दर महिन्याला निम्मी रक्कम बाजूला काढा.

किल्ली घेताना वीज आणि गॅस मीटरचे आकडे, भिंती, नळ, बाथरूमच्या फरशा यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. डिपॉझिट बँकेतूनच द्या. रंगकामाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, आणि किल्ली परत देताच डिपॉझिट हातात मिळणार का, ही तीन कलमं सही करण्याआधी शोधून वाचा.