टेक्सासमध्ये प्राथमिक शाळेची प्रिन्सिपल होताना : माझा अनुभव

इथे प्रिन्सिपलच्या प्रमाणपत्राला मास्टर्स, किमान 2 वर्षं वर्गात शिकवल्याचा अनुभव, तयारीचा कोर्स आणि 268 व 368 या क्रमांकांच्या दोन परीक्षा लागतात. परीक्षांचं मला फारसं वाटलं नाही. घोडं अडलं ते पदव्यांपाशी.

भारतातली पदवी इथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, हे मूल्यांकन संस्था ठरवते. मी आधी फक्त बी.ए. मूल्यांकनाला पाठवली होती. तीन वर्षांची पदवी म्हणून ती इथल्या चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरली नाही. पैसे गेले ते गेलेच! दुसऱ्या खेपेला बी.ए., बी.एड., एम.एड. सगळं एकत्र दिलं, आणि प्रत्येक विषयाचे गुण-क्रेडिट दाखवणारा सविस्तर अहवाल मागितला. तो चालला.

मग नावाचा घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, तेही माहेरचं, पुढे वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. फाइल तपासणाऱ्या इथल्या बाईंना वाटलं, या दोघी वेगळ्या आहेत. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. विवाह नोंदणी दाखला आणि नावबदलाचं प्रतिज्ञापत्र जोडलं, तेव्हा फाइल हलली.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विषयवार गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं, पाकीट विद्यापीठाकडून सीलबंद यावं लागतं. पहिलं माझ्याच पत्त्यावर आलं, आणि मी बावळटासारखं कात्रीनं उघडलं. भाऊ बिचारा पुन्हा विद्यापीठाच्या त्याच खिडकीपुढे रांगेत उभा राहिला. या वेळी पाकीट थेट मूल्यांकन संस्थेला गेलं.