अ‍ॅम्प्लिफायरचा गेन : आवाज फाटू न देता कसा लावावा

गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवला की त्यावरची गेनची कळ बहुतेक जण आवाज वाढवण्याची कळ समजून फिरवतात, आणि आवाज फाटायला तिथूनच सुरुवात होते. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलच्या व्होल्टेजशी अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट जुळवून देणे, एवढेच गेनचे काम असते. काही स्टिरिओ २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतात, काही ४ किंवा ५ व्होल्टपर्यंत. हा सिग्नल आपल्या स्वच्छ कमाल पातळीला पोहोचेल तेव्हाच अ‍ॅम्प्लिफायरनेही आपली पूर्ण शक्ती द्यावी, असा गेन लावायचा असतो. गेन कमी ठेवला म्हणून वॅट कमी होतात, हा समज चुकीचा आहे. सिग्नल पुरेसा मोठा असेल तर कमी गेनवरही अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण वॅट देतो, शिवाय मागची सुरसुरही कमी ऐकू येते.

गेन प्रमाणाबाहेर गेला की अ‍ॅम्प्लिफायरकडून त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जाते. ते त्याला देता येत नाही, म्हणून ध्वनिलहरीचे माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापली जाऊन पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या साइन, म्हणजे गोलसर चढउताराच्या शुद्ध, लहरीच्या दुप्पट शक्ती वाहून नेते, त्यामुळे १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या कॉइलवर २०० वॅटपर्यंतची उष्णता लादू शकतो. नाजूक कॉइलचे ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचे छोटे स्पीकर, अशा वेळी लवकर जळतात.

मोजणीला बसण्यापूर्वी स्टिरिओवरचा इक्वलायझर सपाट करावा, लाउडनेस आणि बास बूस्ट बंद करावेत. बास बूस्टबाबत मी थोडा हट्टी आहे : ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या पट्टीत चौपट शक्तीची मागणी, आणि गेन लावून झाल्यावर तो कोणी सहज चालू केला तर केलेली सगळी मोजणी वाया जाते. सबवूफरची (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरची) वेगळी रिमोट कळ डॅशबोर्डजवळ बसवली असेल तर ती मोजणीच्या वेळी पूर्ण वर ठेवावी, म्हणजे पुढे ती फक्त कमीच करता येईल. कोणत्या स्पीकरकडे कोणते सूर जायचे ते ठरवणारे क्रॉसओव्हर फिल्टर चाचणीचा टोन अडवणार नाहीत असे लावावेत. गेन सर्वांत खाली आणावा आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद असतानाच स्पीकरच्या तारा काढून ठेवाव्यात. मोजताना इंजिन मोकळ्या हवेत चालू ठेवावे, कारण बंद गाडीत बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट देते, तर अल्टरनेटर चालू असताना तोच आकडा १४ च्या आसपास जातो.

आता लक्ष्य ठरवायचे. अ‍ॅम्प्लिफायरची आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी, शक्ती वॅटमध्ये घ्यावी, तिला स्पीकरच्या ओहमने, म्हणजे त्याच्या विद्युत अवरोधाच्या आकड्याने, गुणावे आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. येईल तो आकडा म्हणजे आउटपुटवर अपेक्षित असलेले एसी व्होल्टेज. ४ ओहमवर ७५ वॅट देणाऱ्या चॅनेलसाठी ३०० चे वर्गमूळ, म्हणजे १७.३ व्होल्ट. २ ओहमवर ५०० वॅट देणाऱ्या मोनो अ‍ॅम्प्लिफायरसाठी ३१.६ व्होल्ट, पण त्याला जोडायचा सबवूफर ३०० वॅटचाच असेल तर २४.५ व्होल्टवर थांबावे. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले ‘मॅक्स’ वॅट या हिशेबात अजिबात धरू नयेत. ओहमही स्पीकरवर लिहिलेलेच घ्यावेत, कारण मीटरने मोजल्यास ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो आणि तो आकडा कॉइलच्या नुसत्या डीसी रोधाचा असतो.

स्टिरिओ स्वतः किती व्हॉल्यूमपर्यंत स्वच्छ राहतो, हेही आधी ठरवावे लागते, कारण तिथेच फाटलेला सिग्नल पुढे कोणत्याही गेनने दुरुस्त होत नाही. ऑसिलोस्कोप असेल तर प्रीआउटवर, म्हणजे स्टिरिओच्या सिग्नल बाहेर पडण्याच्या जोडणीवर, लहर पाहावी. नसेल तर कमाल व्हॉल्यूमचा तीन चतुर्थांश भाग, म्हणजे ४० पैकी ३०, ही मर्यादा बहुधा सुरक्षित असते. त्या व्हॉल्यूमवर साइन टोन लावावा : सबवूफरसाठी ५० हर्ट्झ, बाकीच्या चॅनेलसाठी १००० हर्ट्झ. स्वस्त मल्टिमीटर घरगुती विजेच्या वारंवारितेसाठी बनलेले असतात आणि १००० हर्ट्झवर चुकीचे आकडे दाखवू शकतात. तसा मीटर असेल तर फिल्टर बंद करून १०० हर्ट्झवर मोजावे. मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना स्पीकर टर्मिनलवर टेकवाव्यात, त्या एकमेकींना लागू देऊ नयेत, आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन सावकाश वाढवावा. ब्रिज केलेल्या, म्हणजे दोनाचा मिळून एक केलेल्या, चॅनेलचे व्होल्टेज ब्रिजच्या दोन टर्मिनलवरच मोजावे.

टोन किती डेसिबलचा घ्यावा, यावर मतभेद आहेत. ० डेसिबलच्या, म्हणजे मुद्रणात शक्य असलेल्या कमाल पातळीच्या, टोनवर लावलेला गेन सर्वांत सुरक्षित असतो, मात्र हळू आवाजात मुद्रित केलेली गाणी त्यावर दबलेली वाटतात. म्हणून अनेक जण उणे ५ डेसिबलचा टोन वापरतात आणि मोठ्या आवाजात मुद्रित केलेल्या गाण्यांचे काही माथे कापले जातील हे गृहीत धरतात. सबवूफरला हे बहुधा सोसते. ट्वीटर चालवणाऱ्या चॅनेलला मात्र मी ० डेसिबलच पसंत करीन.

मल्टिमीटर फक्त व्होल्टेज सांगतो, लहरीचा आकार त्याला दिसत नाही. अ‍ॅम्प्लिफायर कागदावरची शक्ती प्रत्यक्षात देत नसेल तर ठरलेला आकडा येण्याआधीच लहर कापली गेलेली असते. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, स्टिरिओचा आवाज खाली आणून आणि फिल्टर पूर्ववत लावून स्पीकर जोडल्यानंतर, ओळखीचे गाणे हळूहळू ठरलेल्या व्हॉल्यूमपर्यंत न्यावे. गायकाचा आवाज कर्कश झाला किंवा ढोलाचा ठोका बोथट वाटला, तर गेन थोडा उतरवावा. सबवूफर आणि पुढचे स्पीकर यांचा तोल जमत नसेल तर जो वरचढ आहे त्याचाच गेन कमी करावा, दुसऱ्याचा वाढवू नये. शेवटी कळीच्या जागेवर मार्करने खूण करावी, आणि स्टिरिओ बदलला तर सगळी मोजणी पुन्हा करावी.