आंबट पाण्याची विहीर

जालन्यातल्या एका कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं परिचर आहे. पोरं मला मामा म्हणतात. दिवाळी झाली की तिसऱ्या वर्षाचं कुणीतरी येतंच, ‘मामा, फळांच्या रसाचा जिवाणूंवर परिणाम, हा प्रोजेक्ट घेतलाय.’ अंबड तालुक्यात माझी स्वतःची दीडशे मोसंबीची झाडं आहेत, म्हणजे मोसंबीची बाजू घ्यायला मी तयारच. पण खरं सांगतो, पोरांना प्लेटमध्ये रसाभोवती जिवाणू न वाढलेला जो गोल, म्हणजे झोन, दिसतो तो बऱ्याचदा फळाचा नसतोच, नुसत्या आंबटपणाचा असतो. ते दोन वेगळे करणं हेच यातलं काम. बाकी सगळी हाताची सवय.

रस ज्यूस सेंटरवरून आणू नका. त्यात बर्फ, साखर, काळं मीठ, काय काय असतं. अख्खं फळ आणा. मोसंबी असेल तर आंबे बहाराची की मृग बहाराची हे वहीत लिहा, कारण पिकण्यावर आंबटपणा बदलतो. फळ धुवा, ७० टक्के अल्कोहोलनं पुसा, निर्जंतुक सुरीनं कापा आणि ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेल्या मलमलीतून रस गाळा. मग गाळ खाली बसवायला सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ५००० फेऱ्यांनी १० मिनिटं फिरवा. वरचा नितळ रस आधी ०.४५ मायक्रॉनच्या आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. गाळण्यातच घाई केली तर फिल्टर लगेच तुंबतो, आणि एकेक फिल्टर महाग आहे. रस उकळून निर्जंतुक करू नका, उष्णतेनं त्यातलं बरंच काही बदलतं.

एका पोरानं लिंबाचा रस सरळ माध्यमातच, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाद्यातच ओतला आणि सगळं मिळून ऑटोक्लेव्हला लावलं. दुसऱ्या दिवशीही प्लेटा पिठल्यासारख्या लिबलिबीत. आम्लात तापवलं की माध्यम घट्ट करणारा आगर तुटतो, मग तो गोठत नाही.

माध्यम म्युलर-हिंटन आगर, लिटरला ३८ ग्रॅम. २० प्लेटांना ५०० मिली धरा, म्हणजे १९ ग्रॅम. १२१ अंशाला १५ मिनिटं. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये मोजून २० ते २५ मिली ओता. एकात जाड, एकात पातळ झालं तर झोनही लहानमोठे येतात आणि पोरं उगाच फळाला दोष देतात.

जिवाणू प्रयोगशाळेतले साधे, रोग न करणारे घ्या: ई. कोलायचा सौम्य प्रकार आणि बॅसिलस सबटिलिस. गटाराचं पाणी आणून लावायची हौस नको. वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रवाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या ठरावीक गढूळपणाच्या नमुना नळीशी जुळवा. पांढऱ्या कागदावर काळी रेघ ओढून दोन्ही नळ्या तिच्यापुढं धरा, रेघ सारखीच पुसट दिसली पाहिजे. १५ मिनिटांच्या आत निर्जंतुक कापसाच्या काडीनं (स्वॅबनं) तीन दिशांनी प्लेटभर पसरा.

आता भोकं. पोरं वेल म्हणतात, मी विहीरच म्हणतो. ६ मिलिमीटरचा कॉर्क बोरर ज्योतीवर धरून गार करा, एका प्लेटमध्ये चार-पाच विहिरी पाडा, आतली चकती सुईनं अलगद उचला. प्रत्येकीच्या तळाशी वितळलेल्या आगरचा एक थेंब सोडा. हे विसरलं की रस आगरच्या खालून पसरतो, झोन वेडावाकडा येतो, आणि मग रात्रभर त्याचा अर्थ लावत बसा.

कशात काय भरायचं? पहिलीत रस. दुसरीत निर्जंतुक पाणी. तिसरीत सोडियम हायड्रॉक्साइडनं थेंबथेंब ७ पीएचला, म्हणजे ना आंबट ना खारट अशा मापाला, आणलेला रस. याला जेवढं द्रावण लागलं तेवढंच पाणी पहिलीतल्या रसातही घाला, नाहीतर एक पातळ आणि एक दाट होतो. डाळिंबाचा रस असेल तर हे करताना टक लावून बघा: लाल रंग जांभळट होतो, मग निळसर-राखाडी. पोरं घाबरतात, पण त्या रंगाची जातच तशी.

चौथी विहीर आंबट पाण्याची. तिच्यावरच सगळा भार आहे. पीएच सारखा केला म्हणजे झालं असं नाही, आम्लाचं एकूण प्रमाणही जुळलं पाहिजे. १० मिली रसाला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड किती लागतं ते टायट्रेशननं, म्हणजे आम्ल संपेपर्यंत थेंबथेंब घालून, काढा. समजा ६ मिली लागलं. प्रत्येक मिलीला ६.४ मिलीग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे ३८.४ मिलीग्रॅम, म्हणजे सुमारे ०.३८ टक्के. तेवढं सायट्रिक आम्ल पाण्यात घ्या. त्याचा पीएच रसापेक्षा खाली जातो, तो सोडियम सायट्रेट घालून रसाच्या पीएचवर आणा. सोडियम हायड्रॉक्साइडनं नको, त्यानं मोजून घेतलेलं आम्लच कमी होतं.

प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर. त्याच प्लेटमध्ये एक अँटिबायोटिकची चकतीही ठेवा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबू शकते एवढं तरी कळतं. असे तीन-तीन संच करा. एका कोऱ्या प्लेटमध्ये जिवाणू न पसरता नुसता रस टाका. तिथं काही उगवलं तर तुमचा रसच घाणेरडा.

प्लेटा तासभर फ्रीजमध्ये, रस मुरेपर्यंत. एरवी प्लेट उलटी ठेवतात, इथं विहिरी भरलेल्या असेपर्यंत सरळच ठेवा. मग ३७ अंशाला २४ तास. एप्रिल-मेमध्ये एक गंमत होते. आमचा साधा इनक्युबेटर, म्हणजे प्लेटा उबेत ठेवायचा डबा, तापवू शकतो, गार करू शकत नाही. खोलीच ४१ वर गेली तर डबा ३७ दाखवणार कुठून? म्हणून मी पोरांना फेब्रुवारीच्या आत उरकायला लावतो. लाइट गेली तर वेळ वहीत लिहायची.

झोन प्लेटच्या मागून व्हर्नियर मोजपट्टीनं मोजा, विहिरीच्या ६ मिलिमीटरसकट, आणि तसं लिहूनही ठेवा. रसाचा आणि आंबट पाण्याचा झोन सारखा आला आणि ७ पीएचच्या विहिरीभोवती काहीच नसलं, तर काम आंबटपणाचं. ७ ला आणूनही झोन उरला तर फळात आणखी काही आहे. गेल्या वर्षी एका मुलीच्या प्लेटांत डाळिंबाचा थोडा झोन उरला, माझ्या मोसंबीचा काहीच नाही. उलट मोसंबीच्या विहिरीभोवती जिवाणूंची दाट कड दिसली, साखर मिळाली असावी. ती म्हणाली, ‘मामा, हे लिहू का?’ म्हटलं, आधी हेच लिही.

मोजून झालं की प्लेटा कचऱ्यात नाही, ऑटोक्लेव्हमध्ये. १२१ अंशाला ३० मिनिटं, पिशवीचं तोंड सैल ठेवून.