बार्बेरी कोणती? पान आणि काटा पाहा
उत्तर अमेरिकेत बाहेरून आलेल्या दोन बार्बेरी, म्हणजे काटेरी झुडपं, रानोमाळ पसरल्या आहेत, युरोपीय आणि जपानी. दोन्ही दारुहळदीची भावंडं. फांदी खरवडली की आतून पिवळीधमक. ओळखायला पानाची कड बघा. युरोपीय बार्बेरीची कड बारीक काटेरी दातांची, जपानीची बिनदातांची. युरोपीय झुडपाचे काटे बहुधा तीन टोकांचे, फुलं लोंबत्या घोसात. जपानीचा काटा सहसा एकटा, फुलं एकेकटी किंवा दोन-चार. नुसत्या लाल फळांवर विसंबू नका, तिथेच फसगत होते. हा फरक शेतकऱ्यालाही महत्त्वाचा: गव्हाचा खोडावरचा तांबेरा (बुरशीचा रोग) युरोपीय बार्बेरीवर आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा पुरा करतो. म्हणूनच अमेरिकेने 1918 पासून ती उपटायची मोहीमच काढली. तपासताना जाड हातमोजे घाला, काटा बोटात मोडतो.