वायरमनचे जुने घडीचे चाकू: पारख आणि जपणूक

सोलापुरात वायरमनचे जुने चाकू शोधायचे असतील, तर भंगारवाल्यांबरोबरच गिरणीत वायरमनचे काम केलेल्यांच्या घरीही चौकशी करावी. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या जुन्या मिलपासून येथे गिरणीकामाची परंपरा आहे आणि हत्यारांच्या पेट्या सहसा कोणी टाकून देत नाही.

अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन दलाने वापरलेल्या टीएल-२९ या प्रसिद्ध चाकूला दोन पाती असतात: एक कापण्याचे आणि दुसरे स्क्रू फिरवण्याचे. हे दुसरे पाते पूर्ण उघडताच आतली धातूची पट्टी त्याच्या बुडाशी सरकून अडते, त्यामुळे स्क्रू पिळताना ते बोटांवर मिटत नाही. खरेदीपूर्वी ही पट्टी घट्ट बसते का, हे अवश्य तपासावे. पात्याच्या बुडाजवळचा कारखान्याचा ठसा भिंगातून वाचावा. धार लावून लावून निमुळते झालेले पाते मला दोषास्पद वाटत नाही. मात्र ग्राइंडरवर घासून चकचकीत केलेला चाकू घेऊ नये, कारण त्यात ठसाच पुसला जातो.

गंज रॉकेल आणि मऊ पितळी ब्रशने काढावा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडावा. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते व पितळेवर हिरवा थर चढतो.